मोसंबीऐवजी वही

निवृत्ती खोडे हा माणूस देव मानत नसे आणि त्याचं पोट मात्र देवावरच चालत असे. मखमलाबादच्या बाजूला त्याची एकरभर फुलशेती होती. शेवंती, गुलछडी, थोडा गुलाब आणि दसरा-दिवाळीला झेंडू. पहाटे फुलबाजारात माल टाकायचा आणि उरलेला घेऊन शरणपूर रोडच्या टपरीवर बसायचं, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. गणपतीचा हार त्याच्या हातचा, दर्ग्यावरची फुलांची चादर त्याच्या हातची, पण स्वतः त्यानं कधी कुठल्या उंबऱ्यावर डोकं टेकवलं नाही. बायको सरुबाई चिडून म्हणायची, "देवाला फुलं इकता, मग हात जोडायला काय मुंग्या येत्यात का तुमच्या हाताला?" त्यावर हा म्हणायचा, "हलवाई कुठं रोज पेढे खातो?"

हा वारसा आजोबांचा. रावजी खोडे सत्यशोधक समाजात होते. घरची लग्नं ते भटजीवाचून लावत, आणि गावात पोथी लागली की पुढं बसून मध्येच हात वर करून विचारत, "हे कुणी पाहिलं?" त्यांची जमीन वाटण्या होत होत नातवाकडे तुकड्यानं आली, पण तो प्रश्न अख्खाच्या अख्खा आला.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात शरणपुरातल्या बेंजामिन उजागरे मास्तरांची बायको, एस्तेरबाई, वारली. मास्तरांचा पुतण्या टपरीवर येऊन फुलांचा क्रूस सांगून गेला. निवृत्तीनं तोवर क्रूस कधी केला नव्हता. त्यानं बांबूच्या दोन सारख्या कामट्या घेतल्या, बरोबर मध्यावर बांधल्या, पांढऱ्या शेवंतीनं मढवल्या आणि दिल्या पाठवून. चार दिवसांनी मास्तर स्वतः आले. उंच, वाळके, इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"निवृत्ती खोडे तुम्हीच ना? तुम्ही माझ्या बायकोच्या पेटीवर अधिकचं चिन्ह ठेवलंत. मी चौतीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून मला चालून गेलं. पुढच्या वेळी आडवी कामटी आखूड घ्या आणि जरा वर बांधा."

एवढं बोलून ते हसले, आणि हसता हसताच तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिले. निवृत्तीनं स्टूल पुढं सरकवलं आणि मास्तर बसले. तिथून पुढं अकरा वर्षं ते स्टूल शनिवारी मास्तरांचंच असायचं. रविवारच्या उपासनेसाठी चर्चच्या वेदीवर फुलं ठेवायची, हा एस्तेरबाईंचा नेम होता. तो मास्तरांनी सोडला नाही. शनिवारी दुपारी यायचं, गुलछडी निवडायची आणि निवडता निवडता निवृत्तीशी बोलायचं.

निवृत्ती बोलायला लागला की कुणाच्या तरी पुराणाचं सालपट निघणारच. एका शनिवारी मास्तर ऐकून घेऊन म्हणाले, "स्वतःच्या घरातलं तर सगळं खोडून झालं तुमचं. आता आमचंही वाचून बघा. मग बोला." आणि पुढच्या शनिवारी त्यांनी काळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड बायबल आणून गुलछडीच्या शेजारी ठेवलं.

मास्तरांना वाटलं असेल, दहा पानं वाचून गडी परत करील. पण निवृत्तीनं ते भाऊबंदकीच्या दाव्यातले कागद वाचावेत तसं वाचलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, दोनदा. दोनशे पानी वही घातली. डाव्या पानावर एका ठिकाणचं म्हणणं, उजव्या पानावर दुसऱ्या ठिकाणचं. आणि मग शनिवारी उलटतपासणी.

"मास्तर, पहिल्या अध्यायात झाडं-जनावरं आधी आन् माणूस मागून. दुसऱ्यात माणूस आधी आन् झाडं-जनावरं मागून. एकाच पुस्तकात, पान उलटायच्या आत."

"ती कवीची भाषा आहे. क्रम बघायचा नसतो."

"बरं. येशूला धरून देणारा तो यहूदा. मत्तय म्हणतो, त्यानं चांदी फेकली, गळफास घेतला आन् पुजाऱ्यांनी त्या पैशात शेत घेतलं. पुढं प्रेषितांच्या पुस्तकात म्हणत्यात, शेत त्यानंच घेतलं आन् तिथंच पालथा पडून पोट फुटून मेला. आता मला सांगा, सातबारा कुणाच्या नावावर?"

मास्तर मोठ्यानं हसले. त्यांच्या हसण्यानं पलीकडचा चहावालाही हसला. पुढच्या शनिवारी मास्तरांनी उत्तर कागदावर लिहून आणलं, दोन्ही कशी खरी असू शकतात ते. निवृत्तीनं वाचलं, मान हलवली आणि कागद वहीत चिकटवला. म्हणाला, "चांगला वकील दिलाय तुमच्या देवानं. पण केस कच्ची हाय."

एका गोष्टीवर मात्र तो खरोखरच तापायचा. येशूला भूक लागली, अंजिराच्या झाडाला फळ नव्हतं, म्हणून त्यानं झाडाला शाप दिला आणि झाड वाळलं. मार्क तर सरळ लिहून मोकळा होतो, की तो अंजिराचा हंगामच नव्हता.

"हंगाम नसताना फळ मागायचं, आन् नाय दिलं म्हणून झाडाला मारायचं? मास्तर, माझ्या शेतात कुणी असं केलं तर मी त्याला बांधावर उभा करणार नाय. मग तो देवाचा लेक असो का कलेक्टरचा."

गमतीच्या गोष्टी संपल्या की वहीतली काळी पानं यायची. अमालेकी लोकांतली तान्ही पोरंसुद्धा मारा, असा हुकूम. एका संदेष्ट्याला टकल्या म्हणून चिडवलं म्हणून बेचाळीस पोरांवर सोडलेल्या अस्वली. लढाई जिंकली तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते देवाला बळी देईन, असा नवस बोललेला इफ्ताह, आणि डफ वाजवत सामोरी आलेली त्याची एकुलती एक लेक. हे वाचताना निवृत्तीचा आवाज चढायचा नाही, उलट खाली जायचा. "अब्राहाम लेकाचा बळी द्यायला निघाला, तेव्हा त्याचा हात धरायला देवदूत आला मास्तर. हिच्या वेळेला कुठं गेला होता?"

मास्तर गुलछडीच्या काड्या सारख्या करत बसायचे. मग म्हणायचे, "हे मलाही कधी उलगडलं नाही, निवृत्ती." एव्हाना 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

आता खरं सांगायचं तर निवृत्तीचाही घोळ होत होता, फक्त तो वहीत लिहीत नव्हता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, ही म्हण त्याच्या आईच्या तोंडी दिवसातून दहादा असायची. तीच गोष्ट त्या काळ्या पुस्तकात निघाल्यावर ती त्यानं चारदा वाचली. वैऱ्यावर प्रेम करा, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका, हे वाचताना त्याला वाटे, हे लिहिणारा आणि तान्ही पोरं मारायला लावणारा एकच कसा? बरं, पुस्तक वाईट म्हणावं, तर हे चांगलं आलं कुठून? आणि चांगलं म्हणावं, तर त्या अस्वलींचं काय करायचं?

त्यात दोन हजार एक साली सरुबाईचं ऑपरेशन झालं. गर्भाशय काढलं, जखम चिघळली, एकोणीस दिवस दवाखाना. निवृत्तीचे भाऊबंद एकदा येऊन नारळपाणी ठेवून गेले. मास्तर रोज दुपारी डबा घेऊन यायचे आणि निवृत्तीला शेतावर पिटाळून स्वतः खाटेशेजारी बसायचे. सरुबाईला उलटी झाली तर भांडं धरायचे. मास्तरांची लेक साधना त्याच दवाखान्यात नर्स होती. ती म्हणायची, "बाबा, मी बघते ना." पण ते उठायचे नाहीत.

सरुबाई घरी आल्यावर निवृत्तीनं विचारलं, "मास्तर, हे कशापायी केलं तुम्ही?"

"त्यात लिहिलंय म्हणून. आजाऱ्याला भेटा, असं."

"त्यात अमालेकही लिहिलाय. तो नाय पाळला तुम्ही."

"नाही पाळला."

"मग कोणतं पाळायचं आन् कोणतं सोडायचं, हे तुम्ही कशावरून ठरवता? पुस्तकावरून तर नाय. पुस्तकात दोन्ही हाय."

हा प्रश्न काही जिंकायसाठी विचारला नव्हता. निवृत्तीला खरंच उत्तर हवं होतं. ते आलं नाही.

दोन हजार तीनचा सिंहस्थ आला आणि गेला. निवृत्तीनं आयुष्यात विकला नसेल एवढा झेंडू त्या दोन महिन्यांत विकला. दिवाळीनंतर ओळीनं तीन शनिवार स्टूल रिकामं राहिलं. साधनाकडून कळलं, कावीळ आहे. मग कळलं, कावीळ नाही, यकृतात गाठ आहे.

आजाऱ्याला बघायला जाताना लोक मोसंबी नेतात. निवृत्तीनं वही नेली.

यात त्याचा हेतू वाईट नव्हता, हे आधी सांगून ठेवतो. वाद म्हणजे मास्तरांचं टॉनिक, हे त्यानं अकरा वर्षं पाहिलं होतं. एखाद्या मुद्द्यावर अडले की पुढच्या शनिवारी ते दोन वर्षांनी तरुण होऊन यायचे. म्हणून त्यानं आठ दिवस खपून एकशे बारा मुद्दे सुवाच्य अक्षरात उतरवून काढले, वर ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं, आणि मास्तरांच्या उशाशी ठेवून म्हणाला, "पडल्या पडल्या एकेकाचं उत्तर द्या. घाई नाय." मास्तरांनी वही छातीवर धरली आणि हसले. निवृत्ती खूश होऊन घरी आला.

फेब्रुवारीत एक दिवस साधना टपरीवर आली. बसली नाही.

"काका, बाबा प्रार्थना करत नाहीत. महिना झाला. परवा चर्चचे पाळकसाहेब आले, तर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. दिवसभर तुमची वही वाचतात आणि काही लिहीत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आता पंधरा दिवस, फार तर महिना." मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही काढून काढून घेतलंत, आम्ही काही म्हणालो नाही, कारण ते आनंदात होते. आता त्यांच्याकडं काहीच राहिलं नाही. तुम्ही नेलंय, तुम्हीच परत आणून द्या."

निवृत्तीनं घरी येऊन हे सरुबाईला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता एकच वाक्य टाकलं, "मरणाऱ्या माणसाच्या डोक्याखालची उशी काढली तुम्ही." त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. खोटं त्यानं एक अक्षर लिहिलं नव्हतं. एकशे बाराच्या एकशे बारा गोष्टी पुस्तकातच होत्या, कुणीही उघडून बघाव्यात. मग आपण चोरी केल्यासारखं का वाटतंय, हे त्याला कळेना. खरं बोलणं चांगलं, हे तर आजोबांनी शिकवलेलं. पण खरं बोलल्यानं माणूस भिंतीकडं तोंड करून मरणार असेल, तर त्या चांगल्याला काय म्हणायचं, हे आजोबा सांगून गेले नव्हते.

दोन दिवस टपरी बंद ठेवून त्यानं तेच पुस्तक पुन्हा वाचलं, पण या वेळी उलट्या बाजूनं. स्वतःच्याच मुद्द्यांना उत्तरं शोधत. तिसऱ्या दिवशी दुपारी तो शरणपुरात गेला. मास्तर पिवळे पडले होते, हातांच्या काड्या झाल्या होत्या, पण डोळे तसेच होते.

"मास्तर, ते यहूदाचं," निवृत्ती बसल्या बसल्या सुरू झाला. "दोन माणसांनी दोन तऱ्हेनं सांगितलं, म्हणजे गोष्ट खोटी ठरत नाय. आमच्या गावात विहिरीत बैल पडला तर चार लोक चार तऱ्हेनं सांगत्यात. पण बैल तर पडलेलाच असतो ना?"

मास्तरांनी मान वळवली. "त्या चार लोकांना देवानं कानात सांगितलं होतं, असं तू म्हणत नाहीस ना? आमचा दावा तसा आहे."

"बरं, ते अंजिराचं. अंजिराला पानाबरोबर कच्ची फळं धरत्यात. पानं हायत आन् फळ नाय, म्हणजे ते झाड ढोंगी. त्या ढोंगाला शाप दिला."

"तू फुलमळा करतोस आणि असलं बोलतोस?" मास्तर कोपरावर उठू बघत होते. "हंगाम नव्हता, असं मार्कनं स्वच्छ लिहिलंय. वहीत पान सत्तावीसवर तूच दिलंयस."

असा तासभर चालला दोघांचा उलटा खेळ. नास्तिक बायबलाची वकिली करतोय आणि मास्तर एकेक मुद्दा पाडतायत. दारात उभ्या साधनाला हसावं की रडावं कळेना. निवृत्ती प्रत्येक वेळी हरत होता, आणि तो मनापासून हरत होता, कारण ती पुस्तकातून शोधून आणलेली उत्तरं त्याला स्वतःलाच पटत नव्हती. शेवटी मास्तर दमून उशीवर पडले.

"हे सगळं जाऊ दे," ते म्हणाले. "यहूदा कसा मेला यानं मला काही फरक पडत नाही. एकच विचारतो. अकरा वर्षांत तू माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीस. पाळकसाहेब माझं मन राखतील, साधना राखेल. तू नाही राखणार. तू ते पुस्तक आमच्या मंडळीतल्या कुणापेक्षाही बारीक वाचलंयस. मला सांग, एस्तेर मला भेटेल का?"

निवृत्तीच्या मते माणूस मेला की संपला. फुलासारखा नाही, काही नाही, नुसता संपला. हे त्यानं याच मास्तरांना शंभरदा सांगितलं होतं.

"भेटतील," तो म्हणाला.

"कुठं लिहिलंय?"

"थेस्सलनीकाच्या लोकांना पाठवलेलं पहिलं पत्र. चौथा अध्याय. आशा नसल्यासारखं रडू नका, असं म्हणतो तो. मेलेले आधी उठतील आन् मग सगळे एकत्र होतील."

"एकत्र होतील," मास्तर पुटपुटले. मग डोळे उघडून त्यांनी सरळ निवृत्तीकडं पाहिलं. "आणि याच्या उलट? याच्या उलट कुठं काही आहे?"

होतं. निवृत्तीला ते तोंडपाठ होतं. एका बाईनं एकामागून एक सात भावांशी लग्न केलं, तर मेल्यावर ती कुणाची, असं लोकांनी येशूला विचारलं, आणि त्यानं सांगितलं की तिथं कुणी कुणाचा नवरा नसतो आणि कुणी कुणाची बायको नसते. मत्तय, अध्याय बावीस. इतक्या वर्षांत असं उत्तर जिभेवर असताना निवृत्ती खोडे कधी थांबला नव्हता.

"नाय मास्तर," तो म्हणाला. "याच्या उलट कुठंच काही नाय."

"नीट वाचलंयस?"

"दोनदा वाचलंय. आन् या दोन दिवसांत तिसऱ्यांदा."

मास्तरांनी त्याच्या हातावर हात ठेवला. हात हलका होता आणि गरम होता. थोड्या वेळानं त्यांचा श्वास संथ झाला, ते झोपले. निवृत्ती हळूच हात सोडवून बाहेर ओसरीवर आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं देवाच्या नावानं कुणाला फसवलं होतं. लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी एकाच छातीत कशा मावतात, हे त्याला समजत नव्हतं.

साधना मागोमाग आली. तिचे डोळे लाल होते. निवृत्ती खाली बघत म्हणाला, "पोरी, मी खोटं बोललो. उलट लिहिलेलं हाय त्यात."

"माहितीय," साधना म्हणाली. "मत्तय बावीस. सात भावांचं. काल दुपारीच बाबांनी तो अध्याय माझ्याकडून वाचून घेतला. दोनदा."

निवृत्ती चपलेत पाय घालता घालता थांबला.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं? मी खोटं बोलतोय, हे त्यांना कळत होतं?"

"हो."

"मग विचारलं कशाला? आन् कळत होतं, तर झोपले कसे एवढे निवांत?"

साधनानं पदरानं डोळे पुसले आणि आत मास्तरांच्या खाटेकडं बघितलं.

"ते मलाही कळत नाही, काका," ती म्हणाली. "पण महिन्याभरात पहिल्यांदाच झोपलेत."